निपल आत आहे. कधीपासून?

गरोदरपणातल्या तपासणीला आलेल्या पहिलटकरणीची छाती पाहून सिस्टर सहज बोलून जातात, "निपल आत आहेत गं तुझे, बाळाला ओढायला जड जाईल." मुलगी घरी जाते ती रडवेली होऊनच. त्याच इस्पितळात वरच्या मजल्यावर, सर्जनच्या ओपीडीत, पंचावन्न-साठीची बाई दुसऱ्याच कुठल्या तक्रारीसाठी आलेली असते. निघता निघता ती सांगते की डावं निपल चार महिन्यांपासून आत ओढलं गेलंय, पण दुखत नाही म्हणून गप्प बसले. डॉक्टरांच्या लेखी पहिलीला आजार काहीच नसतो. दुसरीच्या तपासण्या मात्र त्याच आठवड्यात व्हायला हव्या असतात. घरात अनेकदा नेमकं उलटं होतं. तरुण मुलगी जन्मापासून जसं आहे त्याची लाज धरते, मलमं आणि यंत्रं शोधते; आणि उतारवयात नव्याने झालेला बदल 'वयामुळे असेल' म्हणून सोडून दिला जातो. म्हणूनच अनुभवी डॉक्टर बाकी काही विचारण्याआधी विचारतात, कधीपासून?

जन्मापासून असण्याचं कारण गर्भातच सापडतं. गर्भाच्या छातीवर आधी एक खळगा तयार होतो आणि दुधाच्या नळ्या त्या खळग्यात उघडतात. जन्माच्या सुमारास खालच्या पेशी वाढून हा खळगा वर उचलला जातो आणि निपल बाहेर येतं. काहींची ही उचल अपुरी राहते. निपलच्या मुळाशी आधार कमी पडतो, दुधाच्या नळ्या आखूड राहतात, किंवा तंतूंसारखे चिवट पट्टे निपलला आत धरून ठेवतात. आईला किंवा मावशीला असेल तर मुलीलाही असू शकतं.

नवजात बाळाचं निपल आत दिसलं तर काहीही करायचं नसतं. आपल्याकडे तेल लावणारी बाई 'बोंडं काढायची' म्हणून बाळाची छाती पिळते. ही रीत घातक आहे. आईच्या संप्रेरकांमुळे मुलगा असो वा मुलगी, बाळाची छाती थोडी सुजलेली असते, कधी थेंबभर दूधही येतं. ती सूज आपोआप उतरते. पिळल्याने मात्र जंतुसंसर्ग होऊन पू धरतो आणि तान्ह्या जिवावर चिरा देण्याची वेळ येते.

जन्मजात आत असलेल्या निपलचं प्रमाण किती? दक्षिण कोरियातल्या डॉक्टरांनी १९ ते २६ वयोगटातल्या १,६२५ अविवाहित मुली तपासल्या आणि १९९९ साली निष्कर्ष छापला. ५३ जणींची निपल आत होती, म्हणजे शंभरात तीनहून थोड्या जास्त. त्यांतल्या जवळपास ८७ टक्के मुलींना ते दोन्ही बाजूंना होतं, आणि आत असलेली बहुतेक निपल बोटांनी बाहेर काढता येत होती. म्हणजे दोन्हीकडे सारखं, पूर्वीपासून आणि बाहेर येणारं, हे जन्मजात प्रकाराचं नेहमीचं रूप आहे.

ओळखायची रीत साधी आहे. उजेडात, आरशासमोर, आधी हात सैल सोडून, मग कमरेवर दाबून, मग डोक्यावर उचलून दोन्ही बाजू पाहायच्या. नंतर निपलभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेला अंगठा आणि तर्जनी ठेवून हलकेच दाबायचं. निपल पुढे आलं तर अडचण नाही. गार हवेत किंवा स्पर्शाने ताठ होणारं पण एरवी सपाट दिसणारं निपल आत वळलेलं मानत नाहीत. दाबल्यावर जे आणखी आत जातं, ते खरं आत वळलेलं.

यातही पायऱ्या आहेत. हान आणि हाँग या कोरियन शल्यविशारदांनी १९९९ साली केलेली विभागणी आज जगभर वापरली जाते. पहिल्या श्रेणीत निपल बोटाने सहज बाहेर येतं आणि काही वेळ बाहेरच राहतं. दुसऱ्या श्रेणीत बाहेर येतं, पण सोडलं की परत आत जातं. तिसऱ्या श्रेणीत ओढूनही ते बाहेर येत नाही, कारण नळ्या फार आखडलेल्या आणि तंतू घट्ट झालेले असतात. पहिल्या श्रेणीत अंगावर पाजायला सहसा त्रास होत नाही, दुसरीत मदत लागू शकते आणि तिसरीत पाजणं खरोखर अवघड जातं.

सगळ्यात मोठी भीती पाजण्याचीच असते. सासू म्हणते, "बोंडंच नाहीत, पोर ओढणार काय?" आणि पहिल्याच दिवशी वरच्या दुधाची बाटली येते. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. बाळ नुसतं निपल चोखत नाही. निपल, भोवतीचं काळसर वर्तुळ आणि त्यामागचा मऊ भाग असा मोठा घास ते तोंडात घेतं आणि जिभेने दाबून दूध ओढतं. स्तन मऊ आणि ताणला जाणारा असेल तर निपल लहान किंवा आत असूनही बाळ दूध पितं. गरोदरपणात संप्रेरकांमुळे ही त्वचा आपोआप सैल होत जाते, त्यामुळे पाचव्या महिन्यात पाहिलेलं निपल बाळंतपणापर्यंत तसंच राहील असं नाही.

गरोदरपणातच निपल 'तयार' करण्याचा आग्रह मात्र जुना आहे. १९५३ साली हॉफमन या अमेरिकी डॉक्टरने व्यायाम सुचवला : निपलच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून बाहेरच्या दिशेने ताण द्यायचा. कपड्याआड घालायच्या प्लास्टिकच्या वाट्याही होत्या. पिढ्यान् पिढ्या हा सल्ला दिला गेला. तो कुणी तपासून पाहिला नव्हता. १९९२ साली ब्रिटनमध्ये ९६ पहिलटकरणींवर चाचणी झाली, तेव्हा वाट्या घालायला सांगितलेल्या बायकांचं पाजणं उलट कमी टिकलं. घाम, पुरळ, कपड्यातून दिसणारा उंचवटा आणि 'आपल्यात काही कमी आहे' ही भावना एवढंच त्यांच्या वाट्याला आलं. पुढे १९९४ साली ब्रिटन आणि कॅनडातल्या ४६३ गर्भवतींच्या चाचणीचा निकाल आला. वाट्या आणि व्यायाम यांपैकी कशानेही बाळ सहा आठवड्यांचं असताना अंगावर पाजणाऱ्यांचं प्रमाण वाढलं नव्हतं. त्यानंतर बाळंतपणाआधी काही करू नये, हा सल्ला रूढ झाला. मुदतीआधी कळा येण्याचा धोका असलेल्या बाईने तर निपल चोळणं, ओढणं टाळलेलंच बरं.

बाळंतपणानंतर मात्र करण्यासारखं पुष्कळ आहे. पहिल्या तासात बाळ उघड्या छातीवर ठेवलं तर ते चीक पिता पिता पकड शिकतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरून छाती दाटली की चांगलं निपलही सपाट होतं, म्हणून हे शिक्षण त्याआधी झालेलं बरं. छाती दाटलीच तर पाजण्यापूर्वी थोडं दूध हाताने काढून तो भाग मऊ करायचा. बाळाला काखेखाली धरून किंवा आईने मागे रेलून पाजलं तर पुष्कळ बाळांची पकड सुधारते. पकड जमेपर्यंत काढलेलं दूध वाटी-चमच्याने देता येतं. बाटलीचं लांबट बूच तोंडात बसलं की बाळ छातीशी आणखी कुरकुरतं.

याच टप्प्यावर कर्नाटकातल्या दावणगेरेहून एक स्वस्त युक्ती जगभर गेली. तिथल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. निर्मला केसरी आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली ती प्रसिद्ध केली. दहा मिलिलिटरची नवी सिरिंज घ्यायची, सुईच्या बाजूचं टोक ब्लेडने कापायचं आणि दट्ट्या बाहेर काढून त्या कापलेल्या बाजूने आत घालायचा. सिरिंजची मूळची गुळगुळीत कड त्यामुळे त्वचेला लागते. ती निपलवर बसवून दट्ट्या हळूच मागे ओढायचा, अर्धा ते एक मिनिट तसाच धरायचा आणि लगेच बाळाला लावायचं. दुखलं की सोडायचं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या स्तनपान-प्रशिक्षणातही ही युक्ती शिकवली जाऊ लागली. हेच तत्त्व वापरणारं छोटं प्लास्टिकचं उपकरण डग्लस मॅकजॉर्ज या ब्रिटिश शल्यविशारदाने १९९४ साली मांडलं. ते काही आठवडे वापरावं लागतं.

पाजायचं नाही, पण दिसणं खुपतं, अशी तक्रारही खरी असते. त्यावर शस्त्रक्रिया आहे. जर्मन डॉक्टर केहरर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती प्रथम केली आणि तेव्हापासून डझनावारी पद्धती निघाल्या. त्यांचे मुख्य भाग दोन : दुधाच्या नळ्या राखून तंतू सोडवणारी आणि नळ्या कापणारी. पहिलीत पाजण्याची शक्यता बऱ्यापैकी राहते, पण निपल पुन्हा आत जाऊ शकतं. दुसरीत ते बाहेर टिकतं, पण त्या बाजूने पाजणं बहुतेक संपतं. संवेदना कमी होणं, जंतुसंसर्ग आणि व्रण हे धोके दोन्हींत आहेत. दुधाच्या नळ्या मुळात फार नसतात. जुनी पुस्तकं १५ ते २० सांगत. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे २००५ साली सोनोग्राफीने मोजल्या तेव्हा सरासरी नऊच्या आसपासच भरल्या. त्यामुळे मूल हवं असेल तर सर्जन सहसा थांबायला सांगतात. निपलच्या खळग्यात मळ आणि ओल साचून वारंवार सूज येत असेल, तर मात्र शस्त्रक्रियेला वैद्यकीय कारणही असतं.

नव्याने आत गेलेल्या निपलचं गणित सगळं वेगळं. दुधाच्या मोठ्या नळ्या वयानुसार रुंदावून आखडतात, तेव्हा निपल मध्यभागी आडव्या चिरेसारखं आत जातं. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये नळ्यांभोवती वारंवार सूज येऊन पू होतो आणि तीही निपल ओढते. आपल्या देशात स्तनाचा क्षयरोग हेही कारण निघतं. आणि कर्करोग. स्तनाला आकार देणाऱ्या ज्या तंतूंना अॅस्टली कूपर या इंग्रज शल्यविशारदाचं नाव आहे, त्यांत किंवा नळ्यांत गाठ शिरली की ती त्वचेला आणि निपलला आपल्याकडे खेचते. असं निपल बहुधा एकाच बाजूचं, एका कडेला वळलेलं असतं आणि बोटांनी बाहेर येत नाही.

सोबत गाठ, एकाच नळीतून येणारं रक्ताळ पाणी, संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा, काखेत गाठ किंवा निपलवर न भरणारी खरूज असेल तर एक दिवसही थांबू नये. दुखत नाही ही खूण दिलाशाची मानू नये, कारण कर्करोगाची गाठ सुरुवातीला सहसा दुखत नाही. ब्रिटनच्या वैद्यकीय मार्गदर्शिकेत पन्नाशीपुढच्या बाईचं एका बाजूचं निपल आत गेलं, तर तेवढ्यावरच तिला कर्करोगाच्या तातडीच्या तपासणीला पाठवायला सांगितलं आहे. भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी वयात दिसतो, म्हणून चाळिशीतल्या बाईनेही नवा बदल अंगावर काढू नये. पुरुषांनीही. शंभरातला सुमारे एक स्तनकर्करोग पुरुषाला होतो आणि त्यांच्या छातीत ऊती थोड्या असल्याने निपल लवकर ओढलं जातं.

तपासणी तीन पायऱ्यांची असते : डॉक्टरांनी हाताने तपासणं, मग वयानुसार सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि संशय उरला तर सुईने तुकडा काढून पाहणं. सुई लावल्याने कर्करोग पसरतो ही समजूत खोटी आहे. बहुतेक वेळा निदान साध्या आजाराचंच निघतं, पण ते गृहीत धरून चालत नाही. २०२२ साली भारतात स्तनकर्करोगाचे अंदाजे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते.

नुसत्या हाताने तपासून काय साधतं, याचं उत्तर मुंबईतच मिळालं. टाटा मेमोरिअलने १९९८ साली ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक बायका एका अभ्यासात घेतल्या. निम्म्यांची छाती प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी तपासत. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ साली आले. तपासलेल्या गटात कर्करोग आधीच्या टप्प्यावर सापडत होता आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये त्याने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले होते. आता सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येक बाईला अशी तपासणी आरोग्य केंद्रात मिळायला हवी. आशाताईला विचारलं की ठिकाण आणि वार कळतो. पाळी सुरू होऊन आठवडा झाल्यावर गेलं तर छाती कमी दुखरी असते, आणि हाताची तपासणी काही मिनिटांत होते.