जोडीदार आपल्याच देशाची: ऑलिंपिकमधील महिला दुहेरी टेनिस

ऑलिंपिकच्या महिला दुहेरी टेनिसमध्ये ३२ जोड्या उतरतात. स्पर्धा बाद पद्धतीने होते आणि सलग पाच सामने जिंकणाऱ्या जोडीला सुवर्णपदक मिळते. उपांत्य फेरीत हरलेल्या दोन जोड्या कांस्यपदकासाठी एकमेकींशी खेळतात. १९८८ आणि १९९२ मध्ये मात्र अशा दोन्ही जोड्यांना कांस्यपदक देण्यात आले होते. एकेरीत कोर्टाची रुंदी २७ फूट धरतात, तर दुहेरीत दोन्ही कडांच्या पट्ट्या धरून ती ३६ फूट होते. टोकियो आणि पॅरिसमध्ये एक-एक सेट झाल्यावर पूर्ण तिसरा सेट खेळवला गेला नाही. त्याऐवजी दहा गुणांचा निर्णायक टायब्रेक झाला.

यापेक्षा मोठा फरक जोडीच्या घडणीत आहे. वर्षभराच्या व्यावसायिक स्पर्धांमध्ये खेळाडू कोणत्याही देशाची जोडीदार निवडू शकते. ऑलिंपिकमध्ये दोघींचा देश एकच असावा लागतो आणि एका देशाला जास्तीत जास्त दोन जोड्या उतरवता येतात. दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या दहांत असलेल्या खेळाडूला आपल्या देशातील बऱ्याच खालच्या क्रमांकाची जोडीदारही सोबत घेता येते. बाकीच्या जोड्यांना दोघींच्या क्रमांकांची बेरीज करून प्रवेश मिळतो.

या एका अटीने स्पर्धेचा सगळा रंग बदलतो, कारण दुहेरी हा समजुतीचा खेळ आहे. एक जण सर्व्हिस करते तेव्हा दुसरी नेटजवळ उभी असते आणि पाठीमागे हात धरून बोटांच्या खुणेने आपण कुठे सरकणार ते सांगते. परतीचा फटका मधून आला तर तो कोणी घ्यायचा, डोक्यावरून गेलेल्या उंच चेंडूमागे कोणी धावायचे आणि त्या क्षणी दुसरीने कोणती बाजू झाकायची, हे निर्णय अर्ध्या सेकंदात होतात. अशी समज मुरायला काही वर्षे एकत्र खेळावे लागते. ऑलिंपिकसाठी मात्र जगातल्या उत्तमोत्तम जोड्या फोडाव्या लागतात आणि कधी कधी महिन्याभराच्या ओळखीवर पदकाची लढाई लढावी लागते.

पहिल्याच स्पर्धेत याचा प्रत्यय आला. ऑलिंपिकमध्ये महिलांची एकेरी १९०० पासून होती, दुहेरी मात्र १९२० मध्ये अँटवर्पला सुरू झाली. फ्रान्सची सुझान लेंग्लेन त्या काळात जवळजवळ अजिंक्य होती. अमेरिकेच्या एलिझाबेथ रायनबरोबर तिने विम्बल्डनची महिला दुहेरी सहा वेळा जिंकली. अँटवर्पला रायन सोबत असणे शक्य नव्हते. लेंग्लेनने एकेरीचे आणि मिश्र दुहेरीचे सुवर्ण मिळवले, पण महिला दुहेरीत तिला आणि एलिझाबेथ दायें हिला कांस्यपदकावर थांबावे लागले. सुवर्ण ब्रिटनच्या किटी मॅकेन आणि विनिफ्रेड मॅकनेअर यांचे होते. मॅकनेअर तेव्हा ४३ वर्षांची होती. चार वर्षांनी पॅरिसमध्ये अमेरिकेच्या १८ वर्षांच्या हेलन विल्सने ३७ वर्षांच्या हेझल वाइटमनबरोबर सुवर्ण जिंकले. अनुभवी आणि तरुण खेळाडूंची अशी सांगड या स्पर्धेत पुढेही वारंवार दिसते.

त्यानंतर टेनिस ऑलिंपिकमधून बाहेर पडले. हौशी खेळाडू कोणाला म्हणायचे आणि आयोजनात टेनिस संघटनेचा अधिकार किती असावा, यावर ऑलिंपिक समिती आणि आंतरराष्ट्रीय टेनिस संघटना यांचे जमले नाही. १९६८ आणि १९८४ मधल्या प्रदर्शनीय स्पर्धा सोडल्या तर थेट १९८८ मध्ये, सोलला, टेनिस पदकांसह परतले. तोवर खेळ पूर्ण व्यावसायिक झाला होता. अमेरिकेच्या पॅम श्रायव्हर आणि झिना गॅरिसन यांनी चेकोस्लोव्हाकियाच्या याना नोव्होत्ना आणि हेलेना सुकोव्हा यांना तिसऱ्या सेटमध्ये १०–८ असे हरवले. श्रायव्हरची नेहमीची जोडीदार मार्टिना नवरातिलोवा. दोघींनी मिळून ग्रँड स्लॅमची २० दुहेरी विजेतेपदे मिळवली होती, पण नवरातिलोवा सोलला खेळली नाही. तिने पहिले ऑलिंपिक खेळले ते २००४ मध्ये, वयाच्या ४७व्या वर्षी.

देशाच्या अटीचा सर्वांत बोलका दाखला जिजी फर्नांडेझचा आहे. तिचा जन्म पोर्तो रिकोचा. या बेटाचा स्वतंत्र ऑलिंपिक संघ असतो आणि १९८४ च्या प्रदर्शनीय स्पर्धेत ती त्याच्याकडूनच खेळली होती. पुढे मात्र तिने अमेरिकेचा संघ निवडला. डॉमिनिकन प्रजासत्ताकात जन्मलेल्या मेरी जो फर्नांडेझबरोबर तिने १९९२ मध्ये बार्सिलोनात आणि १९९६ मध्ये अटलांटात सुवर्ण जिंकले. आडनाव एक असले तरी दोघी नात्याने कोणी नव्हत्या. बार्सिलोनाच्या अंतिम सामन्यात समोर स्पेनच्या कोंचिता मार्टिनेझ आणि अरांता सांचेझ व्हिकारिओ होत्या आणि सगळे प्रेक्षक त्यांच्या बाजूचे होते. जिजीने ग्रँड स्लॅमची १४ दुहेरी विजेतेपदे बेलारूसच्या नताशा झ्वेरेव्हाबरोबर मिळवली. तीच झ्वेरेव्हा बार्सिलोनात लैला मेस्खीबरोबर खेळून कांस्यपदक घेऊन गेली. अटलांटात नोव्होत्ना आणि सुकोव्हा पुन्हा अंतिम फेरीत हरल्या. या वेळी त्या झेक प्रजासत्ताकाकडून खेळत होत्या, कारण मधल्या काळात त्यांच्या देशाचेच दोन देश झाले होते.

जिथे जोडीच घरातली, तिथे ही अट आड येतच नाही. व्हीनस आणि सेरेना विल्यम्स यांनी २००० मध्ये सिडनी, २००८ मध्ये बीजिंग आणि २०१२ मध्ये लंडन अशी तीन सुवर्णपदके जिंकली. सिडनीच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सच्या जोडीवर त्यांनी ६–१, ६–१ अशी मात केली. या तीन स्पर्धांत त्यांनी सलग १५ सामने जिंकले. २००४ मध्ये दुखापतीमुळे सेरेना आली नव्हती. रिओमध्ये २०१६ साली पहिल्याच फेरीत झेक जोडीने त्यांना हरवले, तेव्हा ही मालिका संपली. महिला दुहेरीच्या ऑलिंपिक इतिहासात या बहिणींची बरोबरी करणारे कोणी नाही.

चीनने वेगळा मार्ग धरला. एकेरीत जगातल्या अव्वल खेळाडूंशी टक्कर देण्यापेक्षा महिला दुहेरीत लवकर यश मिळेल, हे ओळखून तिथल्या व्यवस्थेने जोड्या घडवल्या. २००४ मध्ये अथेन्सला ली तिंग आणि सुन तियानतियान यांनी पहिल्या फेरीत व्हीनस विल्यम्स आणि चांदा रुबिन यांना आणि अंतिम फेरीत स्पेनच्या जोडीला हरवून सुवर्ण जिंकले. चीनचे टेनिसमधले ते पहिले ऑलिंपिक पदक. दोनच वर्षांनी झेंग जिए आणि यान झी यांनी ऑस्ट्रेलियन ओपन आणि विम्बल्डनची दुहेरी जिंकली, तेव्हा ते यश योगायोगाचे नव्हते हे सिद्ध झाले. बीजिंगमध्ये या दोघींना कांस्यपदक मिळाले.

भारतीय वाचकाला या अटीची धार रिओत जाणवली. सानिया मिर्झा आणि स्वित्झर्लंडची मार्टिना हिंगिस यांनी २०१५ आणि २०१६ मध्ये मिळून विम्बल्डन, यूएस ओपन आणि ऑस्ट्रेलियन ओपन जिंकले होते. सलग ४१ सामन्यांत त्यांना कोणी हरवू शकले नव्हते. रिओत मात्र दोघींना वेगळे व्हावे लागले. बेलिंडा बेन्चिच दुखापतीमुळे बाहेर पडल्याने हिंगिस तिमिया बाचिन्स्कीबरोबर उतरली. ती जोडी अंतिम फेरीत पोहोचली आणि रशियाच्या एकातेरिना माकारोव्हा आणि एलेना व्हेस्निना यांच्याकडून हरून रौप्यपदकाची मानकरी ठरली. सानियाच्या सोबतीला होती सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे. या दोघींनी २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवले होते. रिओत चीनच्या झांग श्वाई आणि पेंग श्वाई यांच्याविरुद्ध पहिल्याच फेरीत त्या ६–७, ७–५, ५–७ अशा हरल्या. इतक्या अटीतटीच्या सामन्याची जेवढी दखल घ्यायला हवी होती, तेवढी घेतली गेली नाही.

टोकियोत २०२१ साली सानिया पुण्यात तयार झालेल्या अंकिता रैनाबरोबर खेळली. युक्रेनच्या किचेनोक बहिणींविरुद्ध पहिला सेट ६–० असा जिंकून आणि दुसऱ्यात विजयाच्या उंबरठ्यावर जाऊनही सामना निर्णायक टायब्रेकमध्ये ८–१० असा निसटला. तिथे सुवर्ण मिळवले झेक प्रजासत्ताकाच्या बार्बोरा क्रेइचिकोव्हा आणि कातेरिना सिनियाकोव्हा यांनी. कुमार गटापासून एकत्र खेळणाऱ्या या दोघींना ऑलिंपिकसाठी नवी जोडीदार शोधावीच लागली नाही. ब्राझीलच्या लॉरा पिगोसी आणि लुइझा स्टेफानी यांना अगदी शेवटच्या टप्प्यात प्रवेश मिळाला होता. कांस्यपदकाच्या लढतीत चार मॅच पॉइंट वाचवून त्यांनी आपल्या देशाला टेनिसमधले पहिले ऑलिंपिक पदक मिळवून दिले.

पॅरिसला २०२४ मध्ये सामने रोलाँ गॅरोसच्या मातीवर झाले. इटलीच्या सारा एरानी आणि जास्मिन पाओलिनी यांनी अंतिम फेरीत तटस्थ म्हणून खेळणाऱ्या मिरा आंद्रेयेवा आणि डायना श्नायडर यांना २–६, ६–१, १०–७ असे हरवले. एरानी तेव्हा ३७ वर्षांची होती, आंद्रेयेवा अवघी १७ वर्षांची. एरानीने रोबेर्ता विंचीबरोबर चारही ग्रँड स्लॅम दुहेरी पूर्वीच जिंकल्या होत्या. विंची निवृत्त झाल्यावर तिने पाओलिनीला हाताशी धरले आणि ऑलिंपिकच्या आधीच दोघी फ्रेंच ओपनच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या होत्या. त्यांचे सुवर्ण हे इटलीचे टेनिसमधले पहिले ऑलिंपिक सुवर्ण ठरले. कांस्यपदक स्पेनच्या क्रिस्टिना बुक्शा आणि सारा सोरिबेस तोर्मो यांना मिळाले.

पॅरिसच्या महिला दुहेरीत भारताची जोडी नव्हती. २०२३ मध्ये सानिया निवृत्त झाली आणि पहिल्या दहांतल्या खेळाडूने आपली जोडीदार सोबत नेण्याची वाट भारतासाठी बंद झाली. आता दोघींच्या क्रमांकांची बेरीज ३२ जोड्यांत बसेल इतकी खाली आणणे हाच प्रवेशाचा मार्ग उरतो. त्यासाठी एकाच वेळी दोन भारतीय खेळाडू दुहेरीच्या क्रमवारीत वर असाव्या लागतात.