‘ऐकत नाहीं’ कीं ‘ऐकूं येत नाहीं’?

‘हा मुलगा ऐकत नाहीं’ असें कोणीं म्हटलें, म्हणजे तो आज्ञा पाळीत नाहीं असाच अर्थ आपण करितों. त्याच्या कानांत कांहीं दोष असेल, ही शंकाहि आपल्या मनास शिवत नाहीं. कानाडोळा करणें, कानांत बोळे घालून बसणें, या कानानें ऐकून त्या कानानें सोडून देणें, असे आपले नित्याचे वाक्प्रचार आहेत. आणि त्या सर्वांत न ऐकणें हा मनाचा अपराध मानिलेला आहे. ज्या मुलास कमी दिसतें त्यास आपण चष्मा आणून देतों. ज्यास कमी ऐकूं येतें त्याच्यावर मात्र रागावतों. हा अन्याय कसा घडतो, कानाचें कार्य कसें चालतें आणि डॉक्टरांचा सल्ला केव्हां घ्यावा, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस समजावून सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हा अन्याय आमच्या स्वतःच्या हातून घडलेला आहे, म्हणून आरंभ तेथूनच करितों. कांहीं वर्षांपूर्वीं इयत्ता सहावीच्या आमच्या वर्गांत एक मुलगा शेवटच्या बाकावर बसत असे. शुद्धलेखन सांगितलें कीं त्याच्या वहींत भलतेच शब्द उतरत. ‘सात’ सांगावें तर तो ‘हात’ लिही. ‘पाठ’ सांगावें तर ‘ताट’ लिही. पुस्तकांत पाहून लिहितांना मात्र त्याची एकहि चूक होत नसे. ही विसंगति आमच्या ध्यानांत यावयास पाहिजे होती; परंतु ‘याचें लक्ष नाहीं’ असें ठरवून आम्ही मोकळे झालों. त्यास आम्हीं अनेकदां उभें केलें. त्याच्या उत्तरांस वर्ग हसला, आणि त्या हसण्यास आम्हीं अटकाव केला नाहीं. पुढें पुढें त्यानें बोलणेंच सोडलें. एके दिवशीं त्याची आजी शाळेंत आली असतां तिच्या बोलण्यांत सहज आलें कीं, पावसाळा लागला म्हणजे याचे दोन्ही कान वाहतात, आणि आम्ही तेल सोडून वर कापूस घालतों. रुग्णालयांत तपासणी झाली, तेव्हां दोन्ही कानांच्या पडद्यांस भोंकें पडलेलीं आढळलीं. त्याचें लक्ष नव्हतें असें नव्हे. अर्धवट ऐकूं येणाऱ्या शब्दांवरून धडा जुळविण्यासाठीं तो वर्गांतील कोणाहिपेक्षां अधिक लक्ष देत होता. लक्ष नव्हतें तें आमचें.

आतां कानाची रचना थोडक्यांत पाहूं. बाहेर दिसणारा कान हा केवळ आवाज गोळा करणारा शिंपला होय. तेथून आवाज नळीच्या वाटेनें आंत जाऊन पडद्यावर आदळतो व पडदा थरथरूं लागतो. पडद्यामागें हातोडी, ऐरण व रिकीब अशा आकारांचीं तीन चिमुकलीं हाडें एकमेकांस जोडलेलीं आहेत. यांपैकीं रिकीब हें मानवी शरीरांतील सर्वांत लहान हाड असून त्याची उंची सुमारें ३ मिलिमीटर असते. हीं हाडें ती थरथर अंतःकर्णाकडे पोंचवितात. तेथें गोगलगाईच्या शंखासारखी, सुमारें अडीच वेढ्यांची, द्रवानें भरलेली एक नळी आहे. तिच्यांत पंधरा हजारांच्या आसपास सूक्ष्म केशपेशी असतात. द्रव हालला कीं त्या हालतात, आणि त्या हालचालीचा विद्युत्-संदेश होऊन मज्जातंतूवाटे मेंदूकडे जातो. म्हणजे कान हा केवळ दूत आहे. अर्थ समजणें हें मेंदूचें काम आहे.

या रचनेवरून बहिरेपणाचे दोन मुख्य प्रकार समजतात. पहिल्यांत वाट अडलेली असते: नळींत मळ दाटतो, पडद्यास भोंक पडतें, अथवा पडद्यामागें पाणी सांचतें. नाकाचा मागील भाग व मध्यकर्ण यांस जोडणारी एक बारीक नळी आहे. लहान मुलांत ती आंखूड व आडवी असल्यामुळें सर्दी सहज कानाकडे जाते. असा बहिरेपणा बहुधा औषधानें वा शस्त्रक्रियेनें बरा होतो. दुसऱ्या प्रकारांत केशपेशी किंवा मज्जातंतु निकामी होतात. केस गळला तर पुन्हां उगवतो, नख तुटलें तर वाढतें. पण मनुष्याची केशपेशी एकदां मेली कीं पुन्हां येत नाहीं. तेथें यंत्राचें साहाय्य घ्यावें लागतें, आणि म्हणूनच असलेलें जपणें हें मोठें काम ठरतें.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें मुलांतील बहिरेपणापैकीं सुमारें ६० टक्के टाळतां येण्याजोग्या कारणांनीं येतो. गोंवर, गालगुंड, मेंदूज्वर, आणि गर्भवती स्त्रीस होणारा रुबेला, हे रोग कानांचे वैरी आहेत. यांवर लसी आहेत, त्या वेळेवर टोंचून घ्याव्या. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन यांसारखीं कांहीं औषधें कानास अपाय करूं शकतात, म्हणून तीं डॉक्टरांच्या देखरेखीवांचून घेऊं नयेत. तिसरें कारण गोंगाट. ८५ डेसिबल आवाजांत आठ तास काम करणें ही मर्यादा मानिली जाते. त्यापुढें दर ३ डेसिबल वाढीस हा वेळ निम्मा होतो. या हिशेबानें १०० डेसिबलला अवघीं पंधरा मिनिटें उरतात! मिरवणुकींतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढें तासन् तास नाचणाऱ्या आणि कानांत यंत्रें खुपसून मोठ्यानें गाणीं ऐकणाऱ्या आमच्या विद्यार्थिमित्रांनीं हें गणित अवश्य सोडवून पाहावें. नाचून घरीं आल्यावर कानांत शिटी वाजत राहिली, तर ती कानाची तक्रार समजावी.

मदत केव्हां मागावी? तान्ह्या मुलाच्या बाबतींत क्षणाचाहि विलंब करूं नये, कारण भाषा शिकण्याचीं वर्षें थोडीं असतात. पहिल्या महिन्यांत चांचणी, तिसऱ्यापर्यंत निदान व सहाव्यापर्यंत उपचारास आरंभ, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. मोठ्या आवाजानें बाळ दचकत नसेल, सहा महिन्यांचें होऊनहि आवाजाच्या दिशेस वळत नसेल, वर्ष उलटून कांहीं महिने गेले तरी एकहि शब्द उच्चारीत नसेल, किंवा दोन वर्षांचें झालें तरी दोन शब्द जोडीत नसेल, तर ‘याचे वडीलहि उशीरांच बोलले’ असें म्हणून स्वस्थ बसूं नये.

शाळेंतील मुलाचीं लक्षणें निराळीं. तें वारंवार ‘काय?’ म्हणतें, बोलणाराच्या ओठांकडे टक लावतें, एकच कान पुढें करितें, दूरचित्रवाणीचा आवाज वाढवितें, विचारावें एक तर सांगतें भलतेंच. त्याची वाचनापेक्षां श्रुतलेखनांत फार पीछेहाट होते. संध्याकाळीं तें विनाकारण थकलेलें व चिडलेलें असतें, कारण दिवसभर अंदाजानें ऐकणें हें मोठें कष्टाचें काम आहे. घरीं एक सोपी परीक्षा करितां येते. मुलाच्या मागें हातभर अंतरावर उभें राहावें, त्याचा एक कान झांकावा, आणि कुजबुजत्या स्वरांत कांहीं आंकडे सांगून ते परत म्हणावयास लावावे. मग दुसऱ्या कानाची पाळी. चुका झाल्या तर तपासणीस न्यावें. चुका न झाल्या तरी शंका राहिल्यास न्यावेंच.

घरांतील वडील माणसांसहि विसरूं नये. उतारवयांत बहिरेपणा इतक्या सावकाश येतो कीं त्या मनुष्यास स्वतःस तो कळत नाहीं. ‘हल्लीं सगळे पुटपुटतात’ अशी त्याची तक्रार असते. चार माणसांत बोलणें समजेनासें झालें कीं आजोबा बैठकींतून उठून जातात, आणि घर म्हणतें, ‘स्वभाव एकलकोंडा झाला.’ ऐकूं न येणें आणि पुढें स्मृति क्षीण होणें यांचा संबंध असल्याचें अलीकडील संशोधनांत दिसून आलें आहे. म्हणून ही गोष्ट केवळ गैरसोयीची नव्हे.

कांहीं प्रसंगीं त्याच दिवशीं डॉक्टरांकडे धांव घ्यावी. एका कानाचें ऐकणें एकाएकीं, दोन-तीन दिवसांच्या आंत, गेलें तर ‘मळ असेल, निघेल’ म्हणूं नये. अशा वेळीं पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केलेल्या उपचाराचाच गुण येण्याचा अधिक संभव असतो. वाहत्या कानाबरोबर चक्कर येणें, कानामागें सूज येणें, चेहरा एका बाजूस वांकडा होणें, हीं धोक्याचीं चिन्हें होत. लहान मुलानें घड्याळाची चपटी बॅटरी कानांत घातली असेल, तर एक तासहि दवडूं नये. कान दोन आठवडे वाहत राहिला किंवा त्यास दुर्गंधि आली, तरी ‘वयांत आल्यावर थांबेल’ ही समजूत सोडून द्यावी.

काय करूं नये, हेंहि सांगितलें पाहिजे. कानांत काडी, किल्ली वा केसांचा आंकडा घालूं नये. मळ आपोआप बाहेर येतो, काडी त्यास आंत लोटते. वाहत्या कानांत तेल सोडूं नये. हरभऱ्याचा वा चिंचोक्याचा दाणा अडकल्यास पाणी घालूं नये, तो फुगतो. आणि मुलाच्या कानशिलावर कधींहि मारूं नये. एका चपराकीनें पडदा फाटूं शकतो. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शाळेंत शारीरिक शिक्षेस मनाई केली आहे. तीच मनाई प्रत्येक घरानें आपण होऊन पाळावी.

मदत मिळणें आतां पूर्वीइतकें कठीण नाहीं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ सालीं आपल्या महाराष्ट्रांतच पालघर येथें झाला. त्यांत जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते व तींत कानांचाहि समावेश आहे. मुंबईस वांद्रे येथें १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नांवाची राष्ट्रीय संस्था याच कामास वाहिलेली आहे. तपासणींत कांहीं दुखत नाहीं. लहान बाळ झोंपलेलें असतांहि ती होते. श्रवणयंत्रानें भागत नसेल तर अंतःकर्णांत यंत्र बसवितां येतें. आणि जेथें खुणांची भाषा अधिक उपयोगी, तेथें तीहि पूर्ण भाषाच आहे, तिला कमी लेखूं नये.

मग अडतें कोठें? बहुधा लाजेपाशीं. प्रसिद्ध संगीतकार बेथोवेन यास तारुण्यांतच बहिरेपणानें गांठलें. १८०२ सालीं त्यानें आपल्या भावांस उद्देशून एक पत्र लिहिलें. आपला दोष लोकांस सांगण्याच्या लाजेनें आपण माणसें कशीं टाळलीं, याची त्यांत कबुली आहे. तें पत्र त्यानें धाडलें नाहीं. १८२७ मध्यें त्याच्या मृत्यूनंतर तें सांपडलें. एवढ्या मोठ्या मनुष्यास जें बोलवलें नाहीं, तें अकरा वर्षांच्या मुलानें भर वर्गांत उठून सांगावें, अशी अपेक्षा आपण कशी करावी? सांगणें हें त्याचें काम नव्हे. ओळखणें हें आपलें काम आहे.

मार्काच्या शुभवर्तमानांत प्रभु येशूनें एका बहिऱ्या मनुष्यास बरें केल्याची कथा आहे. ती आम्हीं अनेक वर्षें शिकविली; परंतु त्यांतील एक लहानशी गोष्ट फार उशीरां आमच्या लक्षांत आली. प्रभूनें त्यास प्रथम गर्दींतून एकीकडे नेलें, आणि मग त्याच्या कानांस स्पर्श केला. आम्हीं आमच्या विद्यार्थ्यास नेमकें उलट, गर्दीपुढें उभें केलें होतें.

त्या मुलाच्या पडद्यांवर पुढें शस्त्रक्रिया झाली. सुट्टीनंतर तो पहिल्या बाकावर येऊन बसला. शुद्धलेखनाच्या पहिल्या तासास आम्ही ‘सात’ म्हणालों, आणि त्यानें ‘सात’ लिहिलें. ती वही तपासतांना आमचा हात थांबला. तेव्हांपासून एखादें मूल ‘ऐकत नाहीं’ असें कोणीं म्हटलें, कीं आम्ही त्यास बाजूस बोलावून हळूच विचारतों, “बाळ, तुला नीट ऐकूं येतें ना?” हाच प्रश्न प्रत्येक आईबापांनीं रागावण्यापूर्वीं एकदां विचारावा, अशी आमची नम्र विनंति आहे.