चौदा तासांतले ४६६ मैल

पहाटे ५. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात, लेक्सिंग्टनजवळचा ट्रकथांबा. दहा तासांची सक्तीची विश्रांती संपलेली. ड्रायव्हर टॉर्च घेऊन उतरतो आणि अठरा चाकांभोवती फेरी मारतो. टायर, दिवे, हवेच्या ब्रेकच्या नळ्या, ट्रेलरचा जोड. मग केबिनमधल्या यंत्रावर ड्यूटी सुरू करतो. आता चौदा तासांची मुदत लागली. त्यात स्टिअरिंगवर जास्तीत जास्त अकरा. डिसेंबर २०१७ पासून ही नोंद इलेक्ट्रॉनिक झाली. त्याआधीच्या कागदी वहीत बरंच काही खपून जायचं.

सकाळी ६. मांस कारखान्याचं आवार. वेळ सहाचीच दिलेली. ट्रेलर धक्क्याला लागतो, आणि पुढे काहीच होत नाही. शीतयंत्र घरघरत राहतं, मागे माल चढतोय की नाही ते कळत नाही. एक तास, दोन तास, तीन. लांब पल्ल्याच्या बहुतेक ड्रायव्हरांचा पगार मैलावर असतो, मैलाला पन्नास-साठ सेंटच्या आसपास. उभ्या गाडीला मैल पडत नाहीत. खोळंब्याचे पैसे मिळालेच, तर साधारण पहिले दोन तास सोडून. ओव्हरटाइम मागावा, तर १९३८ च्या मजुरी कायद्यानेच आंतरराज्य मालवाहतुकीच्या ड्रायव्हरांना त्यातून वगळलंय. आठवड्याला किती मैल होतात, असं विचारताना आपल्या डोळ्यांपुढे लांबलचक हमरस्ता असतो. माझ्या मते ते गणित अर्धंअधिक या धक्क्यावरच ठरतं. चौदा तासांची मुदत इथेही सरतेच आहे.

सव्वानऊला बिल्टी हातात, दाराला सील. जवळच्या काट्यावर वजन: एकूण मर्यादा ८०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३६ टन, पण तेवढ्यावर भागत नाही. मधल्या जोडआसांवर ३४,००० आणि मागच्यांवरही ३४,०००, त्याहून जास्त नको. मागे भार जास्त निघाला, म्हणून खिटी काढून ट्रेलरची चाकं मागे सरकवायची आणि पुन्हा काट्यावर चढायचं.

साडेनऊला आय-८० महामार्गावर, पश्चिमेकडे. नेब्रास्काबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. सपाट आहे आणि संपत नाही. नॉर्थ प्लॅट गेल्यावर थोड्याच वेळात कालविभाग बदलतो आणि मोबाइल एक तास मागे जातो. यंत्राला त्याचं सोयरसुतक नाही. ते कंपनीच्या मुख्य ठाण्याची वेळ धरतं, त्यामुळे मुदत संध्याकाळी सातलाच संपणार, मोबाइलवर तेव्हा सहा वाजलेले असले तरी.

दुपारी २ (ही मोबाइलवरची वेळ). वायोमिंगमध्ये शेयेनच्या पुढे चढ लागतो. शर्मन खिंड, ८,६४० फूट, या महामार्गावरचा सर्वांत उंच बिंदू. आपल्या कळसूबाईहून तीन हजार फुटांनी वर. एकोणीस टन मांस ओढत गाडी ताशी पस्तीस-चाळीस मैलांच्या वेगाने रांगते. उतारावर गिअर खाली, ब्रेक जपून.

अडीचच्या पुढे लॅरमीच्या परिसरात थांबा. इथे चक्क पंजाबी ढाबा आहे. या धंद्यात शीख ड्रायव्हर इतके आहेत की वायोमिंगच्या माळावरही पराठे चालतात. डिझेल, जेवण, अर्धा तास. आठ तास हाकून होण्याआधी तेवढा सलग खंड घ्यावाच लागतो.

जेवताना हिशेब होतो. आठ दिवसांत ड्यूटीचे सत्तर तास. ते भरले की सलग ३४ तास गाडी उभी करायची आणि पुन्हा शून्यापासून मोजायचं. पाचशे-सहाशे मैलांचा दिवस चांगला. त्या मापाने आठवड्याला दोन ते तीन हजार मैल होतात. अडीच हजार म्हणजे सुमारे ४,००० किलोमीटर, मुंबई-दिल्लीच्या जवळजवळ तीन एकेरी खेपा. तेही सगळे पगाराचे नसतात. बऱ्याच कंपन्या शहर ते शहर जवळच्या वाटेचे मैल धरतात. प्रत्यक्ष रस्ता नेहमी थोडा लांबच निघतो. (आपल्याकडे १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा २०२५ पर्यंत दिवसाला आठच तास म्हणायचा. कोणत्याही ढाब्यावर रात्री विचारून बघा.)

साडेतीननंतर एल्क माउंटनचा पट्टा. हा रस्ता १९७० मध्ये उघडला. जुनी वाट उत्तरेला मेडिसिन बो गावावरून जायची. नवी जवळची आहे, पण वारा आणि बर्फामुळे वारंवार बंद पडते. आज नुसता वारा आहे, आणि गाडी भरलेली आहे हे नशीब. रिकामे ट्रेलर इथे आडवे होतात.

४:४०. रॉलिन्स. मुदतीची ऐंशी मिनिटं उरलीत. रॉक स्प्रिंग्ज शंभराहून जास्त मैल, म्हणजे जमणार नाही. मधे चाळीस मैलांवर वामसटर. जागा मिळाली तर ठीक, नाही तर महामार्गावरून उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेला, जिथून पोलीस येऊन उठवतात. तो वामसटर धरतो. सव्वापाच वाजता थांब्यावर एक फट सापडते आणि दोन गाड्यांच्या मधे ट्रेलर मागे घ्यायला दहा मिनिटं जातात.

मीटरवर ४६६ मैल. सकाळी माल वेळेवर चढला असता, तर सहाशेच्या वर गेला असता. मुदतीतला अर्ध्या तासाहून जास्त वेळ शिल्लक आहे, पण तो उद्यासाठी साठवता येत नाही. डिस्पॅचरचा निरोप आलाय: सॉल्ट लेक सिटीला उद्या नऊला उतरवणी, मग ऑग्डेनला रिकामी गाडी नेऊन पुढचा माल. सॉल्ट लेकपर्यंत अंतर अडीचशे मैल, दहा तासांची विश्रांती आता सुरू झाली. साडेतीनपर्यंत यंत्र मोकळं होईल. तो गजर साडेतीनचा लावतो आणि पडदे ओढतो.