धुराड्याची चूल व तिची निगा

नांगराचा फाळ बोथट झाला कीं शेतकरी तो लोहाराकडे नेतो. विहिरींत गाळ सांचला तर उन्हाळ्यांत उपसतो. परंतु जें साधन घरांत बारा महिने दोन वेळ राबतें, त्या चुलीची निगा कोणीं ठेवावयाची, हा प्रश्न फारसा कोणाच्या मनांत येत नाहीं. चूल पेटविणें व सारवणें हें बायकांचें काम समजलें जातें. छपरावर चढून धुराडें झाडणें हें मात्र कोणाचेंच काम नव्हे, असें होऊन बसतें. धुराड्याची चूल बिघडते ती बहुधा याच कारणानें.

२०१६ सालीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळें छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतही गॅस पोंचला, हें खरें. तथापि पऱ्हाटी व तुराटी घरच्या शेतांतच मिळत असल्यामुळें स्नानाचें पाणी, भाकरी व कार्यप्रसंगाचा स्वयंपाक यांसाठीं चूल अद्याप पुष्कळ घरीं पेटते.

निर्धूर चुलीची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. मराठवाडा हैदराबाद राज्यांत असतांना तेथील इंजिनियरिंग संशोधनशाळेंतील डॉ. एस. पी. राजू यांनीं मातीच्या निर्धूर चुलीचा पुरस्कार केला व १९५३ सालीं त्या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केलें. पुढें १९८३ पासून २००२ पर्यंत केंद्र सरकारच्या कार्यक्रमांतून देशभर तीन कोटींहून अधिक सुधारलेल्या चुली देण्यांत आल्या; पण त्यांतील पुष्कळ लौकरच निकामी झाल्या. ओडिशांतील खेड्यांत एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा चुलींची कांहीं वर्षें पाहणी केली. तिचा निष्कर्ष २०१६ सालीं छापून आला. पहिल्या वर्षीं बायकांच्या छातींत जाणारा धूर कमी झाला. पुढें मात्र, निगेच्या व नित्य वापराच्या अभावीं, तो लाभ उरला नाहीं.

असें कां व्हावें? गरम हवा हलकी असल्यामुळें नळांतून वर चढते, आणि तिच्या जागीं चुलीच्या तोंडांतून ताजी हवा आंत येते. ही ओढ हाच चुलीचा प्राण होय. न जळलेली काजळी व डांबर नळाच्या आंतून बसत गेलें कीं नळ अरुंद होतो व ओढ मंदावते. हवा अपुरी पडली कीं जळण अर्धवट जळतें आणि काजळी अधिकच सांचते. शेवटीं धूर घरांत फिरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२० सालीं घरांतील अशा प्रदूषणामुळें जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें दगावलीं. त्यांत पांच वर्षांखालील दोन लक्षांहून अधिक मुलें होतीं.

आतां निगेचा क्रम सांगतों. रोज सकाळीं चूल पेटविण्यापूर्वीं राख काढावी. जाळी असल्यास तिच्याखालची जागा पूर्ण मोकळी करावी, कारण हवा तेथूनच येते. आठवड्यांतून एकदां चुलीपासून वैलाकडे व वैलापासून नळाकडे जाणारीं भोंकें वांकविलेल्या सळईनें खरवडावींत, आणि भेगा माती व शेणाच्या काल्यानें बुजवाव्यात. महिन्यांतून एकदां, चूल पूर्ण थंड असतांना, लांब वेळूस काथ्या किंवा जुनें गोणपाट बांधून नळ वरून खालपर्यंत झाडावा. त्या वेळीं तोंडास फडकें बांधावें. नळावरील टोपी व तींतील पांखरांचें घरटेंही पाहावें. मग चुलीच्या तोंडाशीं कागदाचा बोळा पेटवावा. धूर आंत ओढला गेला तर काम साधलें, बाहेर आला तर कोठें तरी तुंबलें आहे असें समजावें.

जळण ओलें असेल तर ही सर्व मेहनत फुकट जाते. ताज्या लाकडांत कधीं कधीं निम्म्याइतकें पाणी असतें. तें आटविण्यांतच पुष्कळ उष्णता खर्च होते, व नळांत चकचकीत डांबर धरतें. तें झाडल्यानें निघत नाहीं, आणि पेटलें तर ठिणग्या कडब्याच्या गंजीवर जाऊन पडतात. पऱ्हाटीचा आणखी एक धोका आहे. तिच्यावर राहिलेल्या न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून पुढील हंगामापर्यंत टिकते. सबब पऱ्हाटी शेतांत रचून न ठेवतां तिचीं बोंडें आधीं तोडून जाळावींत, व आवश्यक तेवढीच पऱ्हाटी घराशीं कोरडी ठेवावी.

राखेंत निखारा दीर्घकाळ जिवंत राहतो. म्हणून ती झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत दोन दिवस ठेवून मगच बाहेर टाकावी. राखेंत पालाश असतें. पण ती अल्कधर्मी आहे, व आपल्या काळ्या चुनखडीयुक्त जमिनीही तशाच असल्यामुळें ती बेतानेंच पसरावी. युरिया किंवा अमोनियम सल्फेट यांत ती कधींही मिसळूं नये. नत्र वायुरूपानें उडून जातें.

या कामास खर्च जवळजवळ नाहीं. एका पुरुषमाणसाचा महिन्यांतून अर्धा तास पुरे. ज्या घरीं अमावास्येस औत धरीत नाहींत, त्या घरच्या कर्त्यानें तोच दिवस धुराड्यास नेमून द्यावा.