जनरेटरचा स्टार्ट-स्विच

३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या बाजूच्या कित्येक गांवांतील विजेचे खांब एका दिवसांत आडवे झाले. पुन्हां दिवे लागावयास कोठें कोठें आठवडे लागले. अशा प्रसंगीं पडवींत किंवा सोसायटीच्या जिन्याखालीं वर्षभर झांकून ठेवलेल्या लहान जनरेटरची आठवण होते. त्यावरील आच्छादन काढलें जातें, पेट्रोल ओतलें जातें, किल्ली फिरविली जाते. आणि आंतून केवळ ‘टक्’ असा आवाज येतो, किंवा तोही येत नाहीं. घरांत श्वासाच्या यंत्रावर कोणी रुग्ण असेल, अगर फ्रिजमध्यें इन्सुलिन असेल, तर त्या दोन इंचांच्या स्विचवर सारी रात्र अवलंबून राहते.

इंजिन हातानें सुरू करण्याचे कष्ट वाचावेत म्हणून अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यानें विजेचा स्टार्टर सिद्ध केला, व १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत तो बसविला गेला. हातानें उचलून नेतां येण्याजोगे जनरेटर पुष्कळ नंतरचे. जपानच्या होंडा कंपनीचा ‘ई-३००’ हा चिमुकला जनरेटर १९६५ सालीं बाजारांत आला. लहान यंत्रास दोरी पुरते. परंतु चार-पांच किलोवॅटच्या यंत्राची दोरी ओढणें वृद्ध माणसास जड जातें, म्हणून तशा यंत्रांवर दोरी आणि बॅटरी अशा दोन्ही सोयी असतात. दुसरीला बोलण्यांत ‘सेल्फ’ म्हणतात, आणि ‘सेल्फ लागत नाहीं’ ही मेकॅनिकच्या दारांतील नेहमींची तक्रार होय.

पेट्रोलवरील जनरेटरच्या या स्विचास बहुधा तीन जागा असतात: बंद, चालू आणि स्टार्ट. दिसावयास तो एक स्विच. वस्तुतः त्याच्या पोटांत दोन निराळे कारभार चालतात, आणि ते एकमेकांच्या उलट आहेत. हें नीट ध्यानीं आलें म्हणजे पुढील सर्व काम सोपें होतें.

पहिला कारभार इंजिन थांबविण्याचा. या इंजिनांत ठिणगी पडण्यास बहुधा बॅटरी लागतच नाहीं. फिरत्या चक्रावरील चुंबक कॉइलजवळून जातो आणि तेथल्या तेथें वीज उत्पन्न होते. १९०२ च्या सुमारास जर्मनींतील बॉश यांच्या कारखान्यांत गॉटलोब होनोल्ड यानें उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला, त्याच कुळांतील ही रचना. ठिणगीची वीज अशी स्वयंभू असल्यामुळें ती ‘तोडून’ इंजिन थांबत नाहीं. स्विच ‘बंद’ वर आणतांच कॉइलची एक तार इंजिनच्या धातूच्या अंगाला, म्हणजे अर्थला, जोडली जाते. वीज तिकडे वाहून जाते आणि ठिणगी पडेनाशी होते. घरांतील दिव्याचें बटण बंद करतांना तार तुटते; येथें बंद करतांना तार जुळते. ज्यांना हा उलटा न्याय ठाऊक नसतो ते नेमके येथें फसतात.

दुसरा कारभार सुरू करण्याचा. किल्ली ‘स्टार्ट’ कडे दाबून धरली म्हणजे बॅटरीची थोडीशी वीज सोलेनॉइड नांवाच्या एका विद्युच्चुंबकाकडे जाते. तो आपला जाड तांब्याचा तुकडा ओढून घेतो, आणि त्यांतून स्टार्टर मोटरला लागणारा मोठा प्रवाह वाहूं लागतो. हा प्रवाह पन्नास अँपिअरहून सहज वर जातो. तो सारा जर त्या लहान स्विचमधून नेला असता तर स्विच केव्हांच वितळला असता. म्हणून मध्यें हा दलाल. किल्ली सोडली कीं आंतील स्प्रिंग ती आपोआप ‘चालू’ वर परत आणते.

स्विच बिघडतो तो बहुधा वापरून नव्हे, न वापरून. किनाऱ्यावरील खारट दमट हवेनें आंतील तांब्यावर हिरवट कीट चढतें. यंत्राच्या थरथरीनें मागील टोप्या सैल होतात. स्प्रिंग गंजते. किटामुळें किती बिघडतें हें साध्या आंकड्यांनीं दिसेल. समजा बॅटरी १२ व्होल्टची आहे आणि सोलेनॉइडच्या वेटोळ्याचा रोध ३ ओहम आहे. तर त्यांतून ४ अँपिअर वाहतात. स्विचच्या किटाचा रोध अवघा १ ओहम झाला तर प्रवाह ३ अँपिअरवर येतो व सोलेनॉइडला ९ व्होल्टच मिळतात. किटाचा रोध ३ ओहम झाला तर प्रवाह निम्मा, व्होल्टही निम्मे. आणि मग सोलेनॉइड हलतो न हलतो असें होतें. स्विच मेलेला नसतो, पण त्याच्या अंगीं बळ उरलेलें नसतें. अशा स्विचमधून एखाद्या दिवशीं इंजिन सुरू होतें, दुसऱ्या दिवशीं होत नाहीं, आणि घरचे लोक हवामानाला दोष देतात.

तथापि नवा स्विच आणण्यापूर्वीं जुना खरोखर दोषी आहे हें सिद्ध करावें. पुष्कळ निर्दोष स्विच उगाच बदलले जातात. प्रथम इंजिनमधील तेल पाहावें. अनेक जनरेटरांत तेल कमी झालें कीं ठिणगी अर्थला जोडणारी एक राखणदार कळ असते. ती लागली म्हणजे स्टार्टर फिरतो पण इंजिन पेटत नाहीं, आणि आळ येतो स्विचवर. नंतर फ्यूज व बॅटरी. भरलेली बॅटरी विश्रांतींत सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. १२ च्या खालीं असेल तर प्रथम तिचीच सोय पाहावी. बॅटरीच्या खुंट्यांवर पांढरी-निळी भुकटी जमली असेल तर ती साफ करावी. निम्मे रोग तेथेंच बरे होतात. मग जनरेटर उघड्यावर नेऊन, स्विच ‘चालू’ वर ठेवून दोरी ओढून पाहावी. दोरीनें इंजिन पेटलें तर ठिणगीची बाजू ठीक आहे, दोष सुरू करण्याच्या बाजूस आहे.

पुढचा निर्णय मीटर करतो. प्लगची टोपी काढून ठेवावी आणि मीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण खुंटीस लावावी. एकानें किल्ली ‘स्टार्ट’ वर धरावी आणि दुसऱ्यानें सोलेनॉइडच्या बारीक तारेवर व्होल्ट मोजावेत. तेथें जवळजवळ पुरे व्होल्ट पोहोंचत असतील तर स्विचनें आपलें काम केलें आहे. दोष सोलेनॉइडमध्यें किंवा मोटरमध्यें शोधावा. पोहोंचत नसतील तर स्विचच्याच पाठीमागें मोजावें. आंत येणाऱ्या तारेवर १२ आणि बाहेर जाणाऱ्या तारेवर ७ किंवा शून्य, असें दिसलें म्हणजे खटला निकालीं निघाला.

बदलण्याचें काम अर्ध्या तासाचें आहे, पण क्रम पाळावा. इंजिन थंड होऊं द्यावें, पेट्रोलची कळ बंद करावी, प्लगची टोपी काढलेलीच राहूं द्यावी, बाहेरचीं सर्व उपकरणें सोडवावींत. बॅटरीची ऋण तार आधीं काढावी आणि शेवटीं जोडावी. कारण असें: धन खुंटी सोडवितांना पान्हा चुकून लोखंडी सांगाड्यास टेकला आणि ऋण तार जागेवर असली, तर बॅटरीची सारी शक्ति त्या पान्ह्यांतून धांवते, आणि बॅटरीजवळ हायड्रोजन वायु असूं शकतो. पुढील फळीचे स्क्रू काढल्यावर आंत २३० व्होल्टच्या बाजूचे भागही दिसतात. त्यांत एखादा कपॅसिटर असेल तर तो यंत्र बंद असतांही वीज धरून ठेवतो. त्यास बोट लावूं नये.

तारा काढण्यापूर्वीं त्यांचें चित्र घ्यावें. मोबाईलचा यापेक्षां चांगला उपयोग सांपडणें कठीण. रंगांवर विसंबूं नये, ते उत्पादकागणिक बदलतात. जुना स्विच हातीं घेऊनच दुकानांत जावें, आणि तारांची संख्या जुळते एवढ्यावर समाधान मानूं नये. मोटारीच्या किंवा बॅटरी-कॉइलवर चालणाऱ्या यंत्राच्या स्विचला तशाच किल्ल्या, तशाच जागा असतात. पण तो ‘चालू’ वर ठिणगीच्या तारेंत १२ व्होल्ट सोडतो. मॅग्नेटोच्या तारेस ते लागले कीं कॉइलमधील नाजूक भाग जळून जाण्याची भीति असते, आणि मग स्विचच्या किंमतीच्या कित्येक पट खर्च ओढवतो. म्हणून नवा स्विच बसविण्यापूर्वीं मीटरनें तपासावा: ‘बंद’ वर ठिणगीची टोपी व अर्थ जुळलेले, ‘चालू’ वर तुटलेले, ‘स्टार्ट’ वर बॅटरी व सोलेनॉइड यांच्या टोप्या जुळलेल्या, हात सोडतांच तुटलेल्या. टोप्या सैल असतील तर चिमट्यानें हलकेच आवळाव्यात.

दुकानांत एक स्वस्त सल्लाही मिळतो: लोहार चाळींतलें एखादें दाबण्याचें बटण लावून टाका. सोलेनॉइडपुरतें तें चालेलही. धोका आहे तो ठिणगीची तार सोडून, तिला चिकटपट्टी गुंडाळून ठेवण्यांत. इंजिन झकास सुरू होतें. फक्त थांबत नाहीं. जळका वास आला, एखादी तार तापली, तरी किल्ली फिरवून कांहीं होत नाहीं. मग पेट्रोलची कळ बंद करून कार्ब्युरेटरमधील पेट्रोल संपेपर्यंत वाट पाहणें आलें. आणि तशा वेळीं तीं दोन-तीन मिनिटें फार मोठीं असतात.

नवा स्विच बसल्यावर प्लगची टोपी घालून चांचणी घ्यावयाची ती उघड्या आकाशाखालीं. पाऊस आहे म्हणून गॅलरींत किंवा जिन्याच्या आडोशाला ‘दोनच मिनिटें’ इंजिन चालविणें घातक ठरतें, कारण त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो दाराच्या फटींतून निजलेल्यांपर्यंत पोहोंचतो. स्टार्टर एका दमांत पांच सेकंदांहून अधिक फिरवूं नये. दहा सेकंद थांबून पुन्हां प्रयत्न करावा. इंजिन पेटलें कीं किल्ली आपणहून मागें आली पाहिजे. ती ‘स्टार्ट’ वर अडकली तर इंजिन चालू असतांही मोटर फिरत राहून जळते. त्यानंतर, कांहींही भार लावण्यापूर्वीं, स्विच ‘बंद’ करून इंजिन थांबतें कीं नाहीं हें दोन-तीनदां पाहावें, आणि मगच फळीचे उरलेले स्क्रू घट्ट करावेत.