दहा फेब्रुवारीच्या अलीकडे-पलीकडे

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. चरित्रकार त्यांचे धर्मांतर या तारखेवर टाचून पुढे जातात. मला ही तारीख फार तर मधला मुक्काम वाटते.

सुरुवात 1893 मधली, नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीतली. एका अनोळखी पाश्चात्त्य सहप्रवाशाने काव्यावर गप्पा मारता मारता नव्या कराराची प्रत टिळकांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. वाचायला घेतलेले पुस्तक डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि टिळकांना ते खाली ठेववेना. नव्या करारातल्या ‘मेटानोइया’ या ग्रीक शब्दाला मराठी बायबलात ‘पश्चात्ताप’ म्हटले आहे. मुळात अर्थ मन पालटण्याचा. मराठीत त्याला मागाहून होणारा ताप चिकटला. टिळकांच्या बाबतीत ताप कमी, शोधच अधिक दिसतो.

खरे पालटणे पाहायचे तर टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या चुलीपाशी जावे लागते. त्यांचे वडील सोवळ्याने इतके पछाडलेले, की बाजारातला जिन्नस, अगदी मीठसुद्धा, धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही. मीठ धुतल्यावर उरत किती असेल कोण जाणे! अशा घरातली मुलगी नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर काही वर्षे त्याच्यापासून दूर राहिली. परतली तीही आपले सोवळे सांभाळून, वेगळा स्वयंपाक मांडून. टिळकांनी सक्ती केली नाही. माणसामाणसांतला विटाळ देवाने घातला की माणसाने, हा प्रश्न तिचा तिलाच पडला आणि उत्तरही तिनेच शोधले. जात आधी मनातून गेली; बाप्तिस्मा नंतर, 1900 मध्ये. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हे सारे इतक्या हसतखेळत येते, की केवढी उलथापालथ झाली ते वाचकाच्या उशिरा लक्षात येते.

इकडे टिळकही थांबले नव्हते. तुकोबांचे बोट धरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते मानत. म्हणून विलायती चालींच्या गीतांऐवजी त्यांनी भजने आणि अभंग रचले. 1917 मध्ये, पंचावन्नी ओलांडल्यावर, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. तिथे बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, न घेतलेल्यांनाही. ज्या विधीसाठी घर मोडायची वेळ आली होती, तोच विधी त्यांनी आता उंबरठ्यावरून बाजूला केला. माझ्या मते हे त्यांचे दुसरे धर्मांतर, आणि पहिल्यापेक्षा अवघड.

त्यानंतर त्यांना दोनच वर्षे मिळाली. मे 1919 मध्ये ते गेले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट होते. दहा-अकरा अध्यायच लिहून झाले होते. पुढचे साठहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, मीठ धुणाऱ्या घरातल्या त्या मुलीने.