पिळलेला स्तंभ

छायाचित्रात विटांचा, वर गिलावा दिलेला एक उंच स्तंभ आहे. त्याचं टोक उडालंय. उरलेल्या भागातला वरचा तुकडा खालच्यावर उभा आहे खरा, पण बरणीचं झाकण अर्धवट फिरवून सोडावं तसा सुमारे 15 अंशांनी वळलेला. हे सिलहटजवळच्या छातकमधलं जॉर्ज इंग्लिस यांचं स्मारक. 12 जून 1897च्या आसाम भूकंपानं त्याची ही दशा केली.

असे वळलेले स्तंभ त्याआधीही लोकांनी पाहिले होते. 1783मध्ये इटलीतल्या कालाब्रियात एका मठापुढच्या दोन स्तंभांचे वरचे दगड न पडता फिरले. त्याची चित्रं युरोपभर गाजली आणि भूकंपात जमीन भोवऱ्यासारखी फिरते, असा तर्क रूढ झाला. चित्रकाराच्या हाताला थोडी अतिशयोक्ती चिकटतेच. तेव्हा कोन किती, हे कुणाला विचारणार?

आयरिश अभियंता रॉबर्ट मॅलेट यांनी 1846मध्ये त्या भोवऱ्याची गरजच काढून टाकली. दगडाची खालची पकड त्याच्या गुरुत्वमध्याच्या बरोबर खाली नसेल, तर सरळ धक्क्यानंही तो फिरतो. जड कपाटाचा एक पाय फरशीत अडकला की ढकलताना ते कसं गर्रकन वळतं, हे घर बदललेल्या कुणालाही ठाऊक आहे.

16 डिसेंबर 1857ला दक्षिण इटलीतला बासिलिकाता भाग हादरला. दहा हजारांहून अधिक माणसं दगावली. रॉयल सोसायटीकडून 150 पौंड घेऊन मॅलेट तिथं पोचले. भेगा धक्क्याच्या दिशेला साधारण काटकोनात पडतात, हे त्यांचं गृहीतक. गावोगावच्या चर्चांच्या भिंती, पादुलाचा 1306मधला मठ, सगळं त्यांनी होकायंत्र घेऊन मोजलं. दिशांच्या रेषा मागे वाढवल्या आणि त्या जिथं एकवटल्या तिथं भूकंपाचा उगम धरला; खोली काढली सुमारे 10 किलोमीटर. सोबत आल्फोन्स बर्नू या फ्रेंच छायाचित्रकाराचे फोटो होते, काही तर दोन डोळ्यांनी पाहून खोली जाणवेल असे जोडफोटो.

त्या काळच्या ओल्या काचपट्टीला काही सेकंद तरी प्रकाश द्यावा लागे, शिवाय ती सुकण्याआधी धुवावी लागे. पडक्या भिंती हलत नाहीत, एवढीच काय ती सोय! मात्र कॅमेरा किंचित वर झुकला की धडधाकट मनोराही कललेला दिसतो. आणि भूकंपाआधीचा फोटो नसेल, तर जुनीच भेग नव्या धक्क्याच्या खाती जमा होते.

मॅलेट यांचं गणित आज फार भाबडं वाटतं. धक्के एकाच दिशेनं येत नाहीत आणि भिंतीला भेग कुठं जाईल, हे तिच्या दारं-खिडक्याही ठरवतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रिचर्ड ओल्डहॅम यांनी 1899च्या अहवालात छातकच्या स्तंभाची नोंद केली. पण त्याच भूकंपाच्या लहरी एकामागून एक, वेगवेगळ्या वेगांनी येतात, हे त्यांना उलगडलं ते या स्तंभावरून नव्हे. हजारो किलोमीटर दूर, युरोपातल्या यंत्रांनी आखलेल्या रेघांवरून.